समेट घडविणारा माणूस : डॉ. राल्फ बंच

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन मांजरांच्या भांडणात लोणी खाऊन टाकणारे माकडही आपल्या ओळखीचे आहे. परंतु या जगात दुसऱ्या प्रकारचा एक तिसरा माणूस असतो. तो भांडणाऱ्यांच्या मध्ये जाऊन बसतो, दोन्हीकडची बोलणी खातो, रात्री जागवतो आणि शेवटी लोणी ज्याचे त्याला मिळावे म्हणून धडपडतो. अशा माणसांची चरित्रे आपल्या वाचनात फारशी येत नाहीत. लढाई जिंकणाऱ्याचे पुतळे उभे राहतात. लढाई थांबविणाऱ्याचे नाव मात्र पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत आटोपते.

मला या विषयाची गोडी लागली ती वर्गातल्या एका साध्या प्रसंगाने. दोन मुलांचे बाकावरच्या जागेवरून भांडण झाले. मी दोघांना फळ्यापाशी बोलावले, साऱ्या वर्गासमोर चूक कबूल करायला लावली आणि हातात हात द्यायला सांगितले. दोघांनी मुकाट्याने हात मिळवले. तंटा मिटला असे समजून मी पुढचा धडा शिकविला. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर तीच दोन मुले पुन्हा जुंपली, आणि या वेळी एकाचे डोके फुटले. माझी चूक मला नंतर उमगली. बाकावरची जागा हा त्यांचा खरा प्रश्न राहिलाच नव्हता. चाळीस मुलांसमोर मान खाली घालावी लागली, हे दोघांच्याही मनाला लागले होते. भांडण मी मिटविले नव्हते, उलट त्यात अपमानाची भर घातली होती.

त्यानंतर काही वर्षांनी डॉ. राल्फ बंच यांचे चरित्र वाचनात आले. ज्या गोष्टीत मी वर्गात चुकलो, तीच गोष्ट या गृहस्थांनी बंदुका रोखून उभ्या असलेल्या देशांच्या बाबतीत कशी सांभाळली, हे वाचून मी थक्क झालो. त्यांची ही हकीकत म्हणूनच विद्यार्थ्यांप्रमाणे पालकांपुढेही ठेवावीशी वाटते.

आजीच्या छायेत

राल्फ बंच यांचा जन्म ७ ऑगस्ट १९०३ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात झाला. (काही पुस्तकांत हे वर्ष १९०४ असे दिलेले आढळते.) वडील न्हाव्याचा व्यवसाय करीत. घर कृष्णवर्णीयांचे आणि बेताच्या परिस्थितीचे. आईची प्रकृती नाजूक होती. कोरडी हवा मानवेल म्हणून कुटुंब न्यू मेक्सिको प्रांतातील अल्बुकर्की येथे गेले. परंतु उपयोग झाला नाही. वडील दुरावले आणि १९१७ साली आईचे निधन झाले. त्या वेळी राल्फ अवघ्या तेरा वर्षांचा होता आणि त्याच्यामागे एक धाकटी बहीण होती.

या दोन मुलांना सावरले ते त्यांच्या आजीने, आईच्या आईने. लुसी जॉन्सन हे तिचे नाव. तिचा जन्म गुलामगिरीच्या काळातला. अंगाने लहानखुरी, पण करारी बाई. नातवंडांना घेऊन ती लॉस एंजेलिसला आली. राल्फने वर्तमानपत्रे विकली, एका सिनेनटाच्या घरी नोकर म्हणून राबला, गालिचे बसविणाऱ्या दुकानात काम केले. परंतु शाळा मात्र आजीने सुटू दिली नाही.

शाळेत कृष्णवर्णीय मुलांना हातकामाच्या आणि धंदेशिक्षणाच्या तुकडीत टाकण्याची रीत होती. त्यांना पुढे कॉलेजात कशाला जायचे आहे, असे गृहीत धरले जाई. राल्फलाही तसेच टाकले. आजी उठली आणि थेट शाळेत गेली. आपला नातू कॉलेजात जाणार आहे, त्याला त्याच तयारीचे विषय द्यावेत, असे तिने मुख्याध्यापकांना शांतपणे, पण ठामपणे सांगितले. विषय बदलून मिळाले. पुढे १९२२ साली राल्फ जेफर्सन हायस्कूलमधून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. तरीही गुणवान विद्यार्थ्यांच्या मानाच्या मंडळात केवळ वर्णामुळे त्याला घेतले गेले नाही. शाळा सुटण्याच्या सुमारास तिथल्या मुख्याध्यापकांनी आजीजवळ त्याची स्तुती केली आणि आम्ही त्याला कधी निग्रो मानलेच नाही, असे मोठ्या कौतुकाने म्हटले. आजीने ते कौतुक तिथल्या तिथे परत केले. आपल्याला आपल्या वंशाचा अभिमान आहे आणि नातवालाही तो आहे, असे तिने त्यांना सुनावले. आवाज चढविला नाही, पण मानही झुकविली नाही.

वाटाघाटीचा पहिला धडा राल्फ बंच यांना आजीच्या वागण्यातच मिळाला, असे मला वाटते. समोरच्याचा अवमान न करता आपल्या म्हणण्यावर ठाम कसे राहावे, हा तो धडा होता.

हजार डॉलरची वर्गणी

लॉस एंजेलिस येथील विद्यापीठात (जे पुढे यू.सी.एल.ए. या नावाने प्रसिद्ध झाले) राल्फला खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळाली. तो बास्केटबॉल उत्तम खेळे. बाकीचा खर्च भागविण्यासाठी त्याने इमारतीत झाडलोट करण्याचे काम धरले. वादविवादाच्या स्पर्धाही तो गाजवी. १९२७ साली तो सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला आणि पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने भाषण करण्याचा मान त्याला मिळाला.

पुढे हार्वर्ड विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली. परंतु लॉस एंजेलिसहून देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचे, राहायचे, पुस्तके घ्यायची, त्याला पैसा कुठून आणायचा? तेव्हा शहरातील कृष्णवर्णीय समाज पुढे आला. मोलमजुरी करणारी, छोटे धंदे करणारी ही माणसे. त्यांनी एक हजार डॉलर जमविले आणि मुलाला रवाना केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. वर्गणी देणाऱ्यांपैकी कुणाला ठाऊक होते, की हा मुलगा पुढे देशोदेशींच्या सेनापतींना एका टेबलाशी बसविणार आहे? एका हुशार मुलाची वाट पैशावाचून अडू नये, एवढेच त्यांच्या मनात होते. शिक्षण संस्थांना मदत करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हार्वर्डमधून १९२८ साली त्यांनी एम.ए. केले. त्याच वर्षी वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठात ते शिकवू लागले आणि राज्यशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. आफ्रिकेतील टोगोलँड आणि दाहोमी या दोन फ्रेंच अमलाखालच्या प्रदेशांच्या कारभाराचा अभ्यास करून १९३४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. राज्यशास्त्रात ही पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. पुढे लंडन आणि केप टाउन येथे त्यांनी मानववंशशास्त्राचे धडे घेतले. माणसे कोणत्या गोष्टींना जपतात, कशाने दुखावतात, त्यांच्या रीतिभातींमागे कोणती भीती आणि कोणती प्रतिष्ठा दडलेली असते, हे जाणण्याची सवय त्यांना या अभ्यासाने लागली. पुढील आयुष्यात हीच विद्या सर्वांत अधिक कामी आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सरकारी नोकरीत शिरले. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार झाली, तेव्हा ते अमेरिकेच्या शिष्टमंडळाबरोबर होते. लवकरच ते राष्ट्रसंघाच्या कचेरीत दाखल झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

पॅलेस्टाइनचा तंटा

१९४७ साली ब्रिटिशांनी पॅलेस्टाइनचा प्रश्न राष्ट्रसंघापुढे टाकला. राष्ट्रसंघाने अकरा देशांची समिती नेमली. भारतातर्फे न्यायमूर्ती अब्दुर रहमान तिचे सदस्य होते. डॉ. बंच समितीच्या कचेरीत काम पाहत होते. समितीचे एकमत होईना. बहुमताने फाळणीची शिफारस केली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी एकाच संघराज्याची योजना मांडली. मौज अशी, की दोन्ही योजनांचे मसुदे लिहिण्याचा भार मुख्यतः बंच यांच्यावरच पडला. परस्परविरोधी अशा दोन बाजू, आणि प्रत्येक बाजूला ती आपलीच वाटेल अशा शब्दांत मांडायच्या! हे काम वाटते तितके सोपे नाही. विद्यार्थ्यांनी करून पाहावे. आपल्याला न पटणारी बाजू, ती बाजू धरणारा माणूसही मान डोलावेल अशी लिहून काढावी. ज्याला हे साधले त्याला मध्यस्थीचे अर्धे मर्म कळले.

फाळणीचा ठराव २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संमत झाला. मे १९४८ मध्ये ब्रिटिश अंमल संपला, इस्रायलची घोषणा झाली आणि शेजारच्या अरब देशांशी युद्ध पेटले. स्वीडनचे काउंट फोक बर्नाडोट यांना राष्ट्रसंघाने मध्यस्थ नेमले. बंच त्यांचे मुख्य साहाय्यक झाले. दोघांनी दोनदा युद्धविराम घडवून आणला. परंतु १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये लेही या ज्यू अतिरेकी संघटनेच्या माणसांनी बर्नाडोट यांची मोटार अडवून त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल सेरो हेही ठार झाले. त्या जागेवर त्या दिवशी बंच असायचे होते. वाटेत अडवणूक झाल्याने त्यांना उशीर झाला, म्हणून ते वाचले.

ज्या खुर्चीवरून एका माणसाचा जीव गेला, त्याच खुर्चीवर बसण्याची जबाबदारी आता बंच यांच्यावर आली. त्यांनी ती घेतली.

रोड्स बेटावरील बेचाळीस दिवस

जानेवारी १९४९ मध्ये लढाई थांबली आणि भूमध्य समुद्रातील रोड्स नावाच्या ग्रीक बेटावर वाटाघाटी ठरल्या. १३ जानेवारीला इजिप्त आणि इस्रायल यांची शिष्टमंडळे 'होटेल दे रोझ' या हॉटेलात आली. एकाच छताखाली, पण निरनिराळ्या मजल्यांवर. एक पक्ष दुसऱ्याचे अस्तित्वच मानायला तयार नव्हता, तर दुसरा रणांगणावर मिळविलेले काहीही सोडायला तयार नव्हता. दोन्हीकडच्या घरांत नुकतेच मृत्यू घडले होते. अशा माणसांना समोरासमोर बसवून हात मिळवायला सांगणे म्हणजे मी वर्गात केलेली चूक पुन्हा करणे होते.

इथे एक भेद समजून घेतला पाहिजे. लवाद निकाल देतो आणि तो दोघांना मानावा लागतो. मध्यस्थाच्या हाती निकाल नसतो. निर्णय भांडणाऱ्यांनीच घ्यायचा असतो. तो घेता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे एवढेच मध्यस्थाचे काम. म्हणून त्याला कायद्याहूनही माणसाचे मन अधिक जाणावे लागते.

बंच यांनी घाई केली नाही. आधी ते प्रत्येक शिष्टमंडळाला स्वतंत्रपणे भेटले आणि त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. रागावलेला माणूस स्वतःचे पूर्ण बोलून झाल्याखेरीज दुसऱ्याचे ऐकत नाही, हा आपल्या घरातलाही अनुभव आहे. मग त्यांनी एकत्र बैठक घेतली, पण प्रश्नाच्या गाभ्याला हात घातला नाही. कामकाजाची विषयपत्रिका आणि काही सर्वमान्य तत्त्वे एवढेच पुढे ठेवले: चर्चा चालू असता कोणी हल्ला करू नये, दुसऱ्याच्या सुरक्षिततेचा आदर करावा, अशा स्वरूपाची. यावर दोघांनी मान्यता दिली, सह्या केल्या. बाहेरच्यांना हा वेळेचा अपव्यय वाटला असेल. बंच यांचा हेतू वेगळा होता. शत्रूबरोबर एका कागदावर सही करण्याची सवय हाताला लागावी, म्हणजे पुढची अवघड सही तितकी अवघड वाटणार नाही. लहान होकारातून मोठ्या होकाराकडे जाणारी ही वाट त्यांनी समजूनउमजून आखली होती.

गाडी अडली ती दोन ठिकाणी. पहिले ठिकाण फालुजा. तेथे सुमारे चार हजार इजिप्शियन सैनिक वेढ्यात सापडले होते. पुढे इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष झालेले गमाल अब्दुल नासर हे त्या वेळी मेजर होते आणि या वेढ्यात होते. इस्रायलच्या दृष्टीने हे सैन्य म्हणजे हातातला हुकमाचा पत्ता. इजिप्तच्या दृष्टीने तो देशाच्या इभ्रतीचा प्रश्न. शरणागती म्हटले असते तर करार तिथेच मोडला असता. करारात असे ठरले, की हे सैन्य राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली मायदेशी परत जाईल. कोणाला मान खाली घालावी लागली नाही आणि चार हजार घरांतले मुलगे परतले.

दुसरे ठिकाण अल औजा. सीनायच्या सीमेवरील मोक्याची जागा. ती शत्रूच्या हाती राहू नये, असे दोघांनाही वाटत होते. बंच यांनी वाद नीट न्याहाळला. तेव्हा दिसले, की दोघांना ती जागा हवी असण्यापेक्षा ती दुसऱ्याकडे जाण्याची भीती अधिक आहे. मागणी वेगळी आणि मागणीमागची भीती वेगळी. मागण्या एकमेकींशी टक्कर घेतात. भीती मात्र पुष्कळदा दोघांची एकच असते. तो भाग निर्लष्करी ठरविण्यात आला आणि दोन्ही देशांच्या संयुक्त शस्त्रसंधी मंडळाची कचेरी, राष्ट्रसंघाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली, तिथेच ठेवण्याचे ठरले.

शब्दांनाही त्यांनी फार जपले. दोन सैन्यांमधील रेषेला सरहद्द म्हणायला कोणी धजत नव्हते. तेव्हा करारात स्पष्ट लिहिले गेले, की ही रेषा केवळ लष्करी कारणासाठी आहे; तिला राजकीय सीमा समजू नये आणि अंतिम तोडग्याच्या वेळी कोणाच्याही हक्काला तिने बाध येऊ नये. या एका कलमाने दोघांनाही आपापल्या लोकांपुढे जाण्याची सोय झाली. माणूस तडजोडीला तयार असतो; पण घरी गेल्यावर काय सांगू, ही चिंता त्याला अडविते. चांगला मध्यस्थ त्या घरच्या प्रश्नाचे उत्तरही तयार ठेवतो.

चर्चा पहाटेपर्यंत चालत. बंच चिवट होते. बोलणी फिसकटली असे त्यांनी कधी जाहीर होऊ दिले नाही. एकत्र बैठक अडली, की ते पुन्हा स्वतंत्र भेटींकडे वळत आणि नवा मसुदा लिहून आणीत. फावल्या वेळात बिलियर्ड्सच्या टेबलाशी रमत. विनोदही त्यांना वर्ज्य नव्हता. रोड्सची चिनी मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. बंच यांनी या वाटाघाटींच्या स्मरणार्थ खास ताटल्या करवून घेतल्या होत्या. चर्चा फार ताणली गेली, तेव्हा त्यांनी त्या प्रतिनिधींना दाखविल्या. करार झाला तर प्रत्येकाला एक भेट मिळेल, नाही झाला तर याच ताटल्या तुमच्या डोक्यांवर फोडीन, असे त्यांनी बजावले. दोन्ही बाजू एकाच वेळी हसल्या. शत्रूबरोबर हसणे हीदेखील एक प्रकारची सहीच असते.

२४ फेब्रुवारी १९४९ रोजी, बेचाळिसाव्या दिवशी, इजिप्त आणि इस्रायल यांच्या शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. त्यानंतर २३ मार्चला लेबनॉन, ३ एप्रिलला जॉर्डन आणि २० जुलैला सीरिया यांच्याशी करार झाले. जॉर्डनच्या बाबतीत बरीचशी बोलणी राजे अब्दुल्ला यांच्याकडे परस्पर झाली होती, आणि सीरिया व लेबनॉनच्या बैठका बंच यांच्या सहकाऱ्यांनी चालविल्या; पण घडी रोड्सचीच होती.

मान आणि मर्यादा

१९५० सालचे शांततेचे नोबेल पारितोषिक डॉ. बंच यांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. प्रथम त्यांनी ते नाकारण्याचे ठरविले होते. शांतता घडविणे हे राष्ट्रसंघाच्या सेवकाचे नित्याचे कामच आहे, त्याला बक्षीस कशाला, असा त्यांचा विचार. सरचिटणीस त्रिग्वे ली यांनी आग्रह धरला म्हणून त्यांनी ते स्वीकारले. त्याआधी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी परराष्ट्र खात्यात मोठे पद देऊ केले होते. राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्या काळी वर्णभेद उघडपणे पाळला जाई. आपल्या मुलांना तिथे वाढवायचे नाही, म्हणून बंच यांनी ते पद घेतले नाही.

परंतु चरित्र सांगताना केवळ गौरव करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोड्सला झाली ती शस्त्रसंधी होती, शांतता नव्हे. या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी माणसे घरादारांना मुकली. रोड्सच्या टेबलाशी चार अरब देशांपैकी काहींचे सेनाधिकारी बसले, इस्रायलचे अधिकारी बसले. पण ज्यांची घरे गेली त्यांची खुर्ची तिथे नव्हती. त्यांचा प्रश्न पुढच्या अंतिम तोडग्यावर टाकला गेला आणि तो तोडगा निघालाच नाही. १९५६ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये तिथे युद्ध पेटले. दोष एकट्या मध्यस्थाचा नाही. त्याच्या हाती सोपविलेले काम लढाई थांबविण्याचे होते आणि ते त्याने केले. पण धडा विसरू नये. ज्याचे नुकसान झाले त्याला वगळून केलेला समेट टिकाऊ होत नाही.

बहरीनमधील शेवटचे काम

पुढील वीस वर्षे बंच राष्ट्रसंघाच्या कामात जगभर फिरत राहिले. १९५६ साली सुएझचा पेच निर्माण झाला, तेव्हा राष्ट्रसंघाचे शांतिसैन्य उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९६० साली काँगो, १९६४ साली सायप्रस. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतर युद्धबंदीवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांचे काम न्यूयॉर्कहून तेच पाहत होते. मधुमेहाने शरीर पोखरत होते, दृष्टी मंदावत होती. तरीही १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बरोबर सेल्मा ते माँटगोमेरी या मोर्चात ते चालले.

१९५९ मधला एक प्रसंग इथे सांगितला पाहिजे. न्यूयॉर्कच्या एका नामांकित टेनिस क्लबमध्ये त्यांच्या मुलाला वर्णामुळे प्रवेश नाकारला गेला. बंच यांनी ही गोष्ट उघड केली. गवगवा झाला, क्लबच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले आणि सभासदत्व देऊ करण्यात आले. बंच यांनी ते घेतले नाही. बंच या नावाला मिळणारी सवलत सामान्य कृष्णवर्णीय मुलाला मिळणार नसेल, तर तो न्याय नव्हे, ही त्यांची भूमिका होती. तडजोड कुठे करावी आणि कुठे करू नये, हे जाणणारा माणूसच खरा मध्यस्थ होऊ शकतो. जो प्रत्येक ठिकाणी नमते घेतो तो मध्यस्थ नव्हे, तो केवळ दुबळा.

१९७० साली त्यांनी आपले शेवटचे मोठे काम हातावेगळे केले. आखातातील बहरीन बेटावर इराण हक्क सांगत होता. ब्रिटिशांचे संरक्षण तिथून उठणार होते. एका बाजूला इराणच्या शाहांची प्रतिष्ठा, दुसऱ्या बाजूला बेटावरील लोकांची इच्छा. महिनोन् महिने गाजावाजा न करता बंच यांनी इराण आणि ब्रिटन यांच्याशी बोलणी केली. मार्ग असा निघाला, की राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधीने बहरीनला जाऊन तेथील लोकांचेच मत अजमावावे. प्रतिनिधी गेला, निरनिराळ्या संस्थांना आणि लोकांना भेटला. बहुसंख्य लोकांना स्वतंत्र राज्य हवे आहे असा अहवाल त्याने दिला. ११ मे १९७० रोजी सुरक्षा समितीने तो एकमताने स्वीकारला आणि इराणनेही तो मानला. शाहांना एखाद्या शत्रूपुढे हार खावी लागली नाही. त्यांनी तेथील लोकांच्या इच्छेचा आदर केला, एवढेच झाले. एकही गोळी सुटली नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये बहरीन स्वतंत्र झाला. रोड्सच्या टेबलाशी जी खुर्ची रिकामी होती, ती बहरीनच्या वेळी रिकामी राहिली नाही.

त्याच वर्षी, ९ डिसेंबर १९७१ रोजी, न्यूयॉर्क येथे डॉ. बंच यांचे निधन झाले.

आपल्यासाठी

पालक बंधुभगिनींनो, आपल्याकडे तंटे काही कमी नाहीत. भावाभावांत जमिनीचा बांध, शेजाऱ्यांत सांडपाण्याची मोरी, सासर-माहेरात मानपान, एकाच मोहल्ल्यात दोन गट. कित्येक भांडणांचा मूळ प्रश्न केव्हाच मिटलेला असतो; उरलेला असतो तो एखाद्या लग्नात सर्वांसमोर झालेला अपमान. अशा वेळी मध्ये पडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी दोघांचे वेगवेगळे ऐकावे, चारचौघांत माफी मागायला लावू नये, लहानशा गोष्टीपासून सुरुवात करावी आणि माघार घेणाऱ्याला मान वर करून घरी जाता येईल असे शब्द शोधावेत. आणि ज्या सुनेचा, ज्या धाकट्या भावाचा प्रश्न आहे, त्यांनाच बैठकीबाहेर ठेवून निर्णय करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी एखादा वर्तमानपत्रे टाकून शिकत असेल, एखादीची आजी तिच्या शिक्षणासाठी घरच्यांशी झगडत असेल. राल्फ बंच यांची सुरुवात याहून निराळी नव्हती. अभ्यास तर कराच. पण भांडण झाले की समोरच्याची बाजू त्याच्याच शब्दांत, त्याला पटेल अशी सांगता येते का, हे एकदा करून पाहा. मी आता वर्गात भांडणाऱ्या मुलांना फळ्यापाशी उभे करीत नाही. मधल्या सुटीत एकेकाला बोलावतो आणि आधी त्याचे ऐकून घेतो. वेळ जास्त लागतो, पण फाटकाबाहेरच्या मारामाऱ्या कमी झाल्या आहेत.